एका 'य'चं अंतर

ग्रिम्सबी. जानेवारीतला पहिला सोमवार.
पोरं घरी, आणि आम्ही चोवीस शिक्षक
जिमच्या हॉलमध्ये, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर.
मध्ये टेबल नाही, हातात पेन नाही,
गुडघे कुठे ठेवावेत ते कुणालाच कळत नाहीये.
छपरावर सीगल पाय आपटत फिरतात.

शिकवायला आलेली बर्निस. पूर्वी म्हणे
याच शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला होती, वीस वर्षं.
तिनं पिशवीतून बुचाचा एक गोळा काढला,
काळपट, मधोमध भोक पडलेला:
बापाच्या जाळ्याचा तरंगता तुकडा.
ज्याच्या हातात हा, तो बोलेल. बाकीचे ऐकतील.
"आणि बोलायचं नसेल तर?" कोल्बेक सरांनी विचारलं,
हाताची घडी न सोडता.
"तर धरून बसा थोडा वेळ," ती म्हणाली. "जड नाहीये."

मग कागद वाटले. पाच प्रश्न.
पहिलाच: काय झालं?
का केलंस, असं विचारायचं नाही.
मी समासात मराठीत लिहून पाहिलं:
का.
काय.
एका 'य'चं अंतर.
एकवीस वर्षं मी तो 'य' खाल्ला.

का उशीर? का हसलास? वही का नाही आणलीस?
कंपासपेट्या भिरकावतो म्हणून जेन्सन ब्लँचर्डला
सप्टेंबरपासून नऊदा वर्गाबाहेर काढलं,
नऊही वेळा दारात अडवून तेच: का?
नऊही वेळा त्यानं खांदे उडवले.
मी फॉर्मवर लिहिलं, उद्धट.

मग जोड्या लावल्या. कोल्बेक शिक्षक, मी जेन्सन.
त्यांनी कागद पाहिला, घसा खाकरला,
आणि तीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं:
का केलंस?
माझे खांदे उडाले. नाटक नव्हतं ते.

कारण तेवढ्यात मी कुरुंदवाडला, चौथीत,
अंगठे धरून उभी. डोक्यावर फाटक बाईंचा आवाज.
शेजारणीच्या वहीत का डोकावलीस?
का?
फळ्यावरची अक्षरं म्हणजे खडूचा धूर,
आणि मला वाटायचं, सगळ्यांना तसंच दिसतं.
चष्मा सातवीत लागला.
तोवर मी लबाड होते.

हे सगळं बोलले, बूच हातात आल्यावर.
अंगठे धरणं इंग्रजीत सांगता येईना,
तर उठले आणि वाकून दाखवलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी.
कुणी हसलं नाही.
कुणाचं तरी बिस्कीट चावायचं थांबलं.

बूच कोल्बेककडे गेलं. अंगठ्यानं भोक चाचपत
बसून राहिले. मग म्हणाले,
"आमच्या बापाच्या बोटीवर होती असली."
एवढंच. पुढे दिलं.

खरं सांगते, चहाच्या वेळी मी कुरकुरलेच:
तीस पोरं, पन्नास मिनिटं, अपूर्णांक संपवायचेत,
गोल करून बसू कधी?
बर्निसनं वाद घातला नाही. कप विसळत म्हणाली,
"नऊदा काढलंत ना बाहेर? त्यातलं एकदा."

मंगळवारी शाळा सुटल्यावर जेन्सन.
रिकामा वर्ग, दोन खुर्च्या, मध्ये टेबल नाही.
मी म्हटलं, काय झालं?
"कधी?"
कधीही.
तो दाराकडे बघत राहिला.
"किती वेळ बसायचंय, मिस गॅस?"
(घैसास या पोरांच्या जिभेवर कधीच पुरं झालं नाही.)
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

त्यानं दप्तर पाठीवरून उतरवलं नाही,
पण एका खांद्याचा पट्टा
सोडला.